बोट बंद करण्याचा अधिकार कुणाचा?

२०१४ च्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडमधल्या हार्विच बंदरातून डेन्मार्कच्या एस्बियर्गला जाणारी प्रवासी बोट शेवटची सुटली. १८७५ पासून जहाजं बदलली, इंग्लंडच्या बाजूची बंदरं बदलली, पण ही वाट टिकून होती. डीएफडीएस या डॅनिश कंपनीने ती परवडत नाही म्हणून बंद केली. बेळगावच्या माणसाला याचं काय, असं कुणी विचारील. मला ही गोष्ट घरची वाटते. सीमावाद तापला की महाराष्ट्राची एसटी कागलपाशी थांबते, कर्नाटकाची बस निपाणी-कोगनोळीपाशी थांबते, आणि मधल्या पट्ट्यात लेकराला कडेवर घेतलेली बाई वडाप शोधत उभी राहते. दोन सरकारांच्या मधोमध चालणाऱ्या सोयीला वाली नसतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

माझं म्हणणं असं आहे की दोन प्रदेशांना जोडणारी लांब पल्ल्याची प्रवासी सेवा, मग ती बस असो की बोट, चालवणाऱ्याच्या ताळेबंदावर एकट्याच्या मर्जीने बंद होता कामा नये. ती सार्वजनिक वाट आहे. ती मोडायची असेल तर दोन्ही काठांच्या लोकांपुढे हिशेब मांडावा लागेल, मुदत द्यावी लागेल आणि दुसऱ्या कुणाला ती चालवून पाहण्याची संधी द्यावी लागेल. युरोपातल्या बंद पडलेल्या आणि टिकलेल्या बोटींकडे पाहून माझं हे मत पक्कं झालं आहे. कोकण किनाऱ्यावर पुन्हा बोटी सुरू करण्याच्या घोषणा होत असताना ते आत्ताच मांडायला हवं.

एस्बियर्गच्या बोटीवर मोटारसायकलवाल्यांचा जीव होता. संध्याकाळी हार्विचला गाडी पोटात चढवायची, पट्ट्यांनी आवळून बांधायची, रात्र केबिनमध्ये काढायची आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावर ताज्या अंगाने उतरायचं. तिथून नॉर्वेचे डोंगर आवाक्यात येतात. आता हार्विचहून हॉलंडला जाणारी बोट आहे, पण तिथून हॉलंड, जर्मनी आणि डेन्मार्कचा दक्षिण भाग ओलांडत साधारण ८०० किलोमीटर हमरस्ता तुडवल्यावर माणूस एस्बियर्गला पोचतो. चारचाकीत बसलेल्याला हे अंतर कंटाळवाणं वाटेल. दुचाकीवाल्याला ते अंगावर झेलावं लागतं. वारा, पाऊस, ट्रकांच्या मागून येणारे फवारे, अखडलेली पाठ. सरळ रस्त्यावर टायर मधोमध घासून सपाट होतो आणि ज्या वळणांसाठी घर सोडलं तिथे पोचेपर्यंत त्याची पकड कमी झालेली असते. विमान स्वस्त झालं आहे हे खरं, पण विमानाने माणूस जातो, त्याची गाडी जात नाही. म्हणून प्रवाशांना विमानाचा पर्याय होताच, हे उत्तर या प्रवाशांना लागू पडत नाही.

आणि दुचाकी म्हणजे हौस, हा समज तर आमच्या भागात कुणी बाळगूच नये. निपाणी-चिकोडीच्या बाजूला पहाटे दुधाच्या कॅनी दोन्ही अंगांना लावून निघालेली गाडी, इचलकरंजी-कोल्हापूरला पाळीवर निघालेली गाडी, हीच घराची चूल पेटवते. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा फुगल्या की मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-यडूर, जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ असे सखल पूल पाण्याखाली जातात. समोर दिसणाऱ्या गावाला जायला मोठा वळसा पडतो, पेट्रोल जळतं, कामाची पाळी चुकते. पाण्यावरची वाट बंद झाली की सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त कुणाला सोसावं लागतं, ते इथे दर पावसाळ्यात दिसतं. उत्तर समुद्र त्याहून कैक पटींनी रुंद, एवढाच फरक.

डीएफडीएसने दिलेली कारणं खोटी नव्हती. स्वस्त विमानांनी प्रवासी ओढून नेले होते. युरोपीय संघात देशादेशांमधल्या प्रवासातली करमुक्त विक्री १९९९ मध्ये संपली होती; दारू, सिगारेट, अत्तराच्या त्या दुकानांवर अनेक बोटींचा मोठा आधार होता. शेवटचा घाव इंधनाच्या नियमाचा. १ जानेवारी २०१५ पासून उत्तर समुद्र, बाल्टिक समुद्र आणि इंग्लिश खाडीत जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली. स्वच्छ इंधन महाग, आणि धूर धुणारी यंत्रणा बसवायची तर तिचा खर्च वेगळा.

हा नियम मला मान्य आहे. बंदराशेजारच्या वस्त्यांतली माणसं जहाजाचा धूर छातीत भरून घेत राहावीत, अशी मागणी कुणी करू नये. पण हवा स्वच्छ करण्याचा निर्णय सगळ्या समाजाचा होता आणि त्याचा भार मात्र एका वाटेवर टाकून सरकारं मोकळी झाली. परिणाम असा की समुद्रातला धूर कमी करण्याच्या नियमामुळे जी वाहनं बोटीतून गेली असती ती शेकडो किलोमीटर रस्त्यावर धूर सोडत जाऊ लागली. नियम करतानाच या लांब पल्ल्याच्या प्रवासी बोटींसाठी काही वर्षांची मदत ठरवता आली असती.

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. या पाण्यावरची मालवाहतूक थांबली नाही. त्याच कंपनीची इंग्लंडमधल्या इमिंगहॅम बंदरातून एस्बियर्गला जाणारी मालवाहू बोट सुरूच राहिली. स्कॉटलंडमध्येही तेच घडलं होतं: रोझाइथहून बेल्जियमच्या झेब्रुगला जाणारी, स्कॉटलंडला युरोपशी थेट जोडणारी एकमेव बोट २०१० च्या अखेरीस प्रवाशांना बंद झाली, आणि मालासाठी पुढे २०१८ पर्यंत चालली. म्हणजे जहाज होतं, बंदर होतं, धक्का होता, इंधन जळत होतं, फक्त माणसाला मज्जाव झाला. माणूस चढवायचा म्हणजे केबिन, जेवण, जास्तीचे कर्मचारी, सुरक्षेचे जास्त नियम हे सगळं आलं, हे मी समजू शकतो. पण ट्रकांच्या रांगांमध्ये उरलेल्या कोपऱ्यात मावणाऱ्या दोन चाकांसाठी आणि त्यांच्या मालकासाठी काही मधला मार्ग निघतो का, एवढं तरी विचारायला कुणी होतं का? नव्हतं. दोन देशांपैकी एकालाही तो आपला प्रश्न वाटला नाही.

एस्बियर्ग बंदराचा जन्मच मुळी सीमेच्या दुखण्यातून झालेला आहे. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग आणि होलस्टाइन हे प्रांत गमावले. आपला शेतमाल इंग्लंडला धाडायला स्वतःच्या भूमीवर उत्तर समुद्राचं बंदर हवं, म्हणून १८६८ मध्ये कायदा करून वाळूच्या किनाऱ्यावर हे बंदर उभारलं गेलं. बांधताना ते राष्ट्राचं काम होतं. तिथून माणसांना इंग्लंडला नेणारी शेवटची बोट बंद होताना मात्र तो एका कंपनीचा व्यवहार ठरला.

आता याच्या उलट उदाहरणं बघा. नॉर्वेत बर्गेनपासून उत्तरेच्या टोकाच्या किर्केनेसपर्यंत किनाऱ्याने बोट जाते; ही सेवा सुरू झाली १८९३ मध्ये. वाटेत ३४ बंदरं घेते, त्यातली कित्येक इवलीशी. ती चालावी म्हणून नॉर्वेचं सरकार करार करून पैसे मोजतं. दूर कशाला, गोवा घ्या. केरीच्या फेरीबोटीवर गाडी चढवून तेरेखोल किल्ल्याच्या बाजूला उतरणं आणि तिथून शिरोडा, वेंगुर्ल्याकडे जाणं बेळगावच्या दुचाकीवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. गोव्याच्या फेरीबोटींवर पायी प्रवासी आणि दुचाकी वर्षानुवर्षं फुकट जात आल्या. २०२३ मध्ये दुचाकींना भाडं लावायचं ठरलं तेव्हा चोडणच्या लोकांनी जोरदार विरोध केला आणि सरकारला माघार घ्यावी लागली. चोडण आणि रायबंदर दोन्ही काठ एकाच सरकारचे, म्हणून आवाज कुठे चढवायचा हे लोकांना माहीत होतं. हार्विचचा माणूस डेन्मार्कच्या मंत्र्याकडे जाणार नाही आणि एस्बियर्गचा माणूस लंडनला मोर्चा नेणार नाही.

रस्त्याच्या बाबतीत आपल्याकडे यावर उपाय आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ८८ खाली दोन राज्यं आपसात करार करतात. कुणाच्या किती बस, किती फेऱ्या, किती किलोमीटर, हे त्यात ठरतं. बेळगाव-कोल्हापूर, बेळगाव-पणजी, बेळगाव-सावंतवाडी या गाड्या त्या करारांवर धावतात. वाद पेटला की करार कोपऱ्यात पडतो, हे दुखणं आहेच, पण निदान कागद आहे, आणि वाद निवला की त्याच कागदावर गाड्या पुन्हा सुरू होतात. बोट मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

सरकारं हलत नसतील तर काठावरच्या माणसांनी काय करावं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातलं आहे. आमच्या ऊस-तंबाखूच्या पट्ट्यातल्या लोकांनी ते मन लावून वाचावं असं आहे. ब्रिटनी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला. भाषा वेगळी, राजधानी दूर, आणि पॅरिस आपल्याकडे लक्ष देत नाही ही जुनी सल. तिथले शेतकरी फ्लॉवर आणि आर्टिचोक पिकवत. बाजार समोर समुद्रापलीकडे इंग्लंडमध्ये होता, पण माल जायचा तो लांबचा फेरा घेऊन. अलेक्सी गुर्वेनेक या शेतकरी नेत्याच्या मागे हे शेतकरी एकवटले. त्यांच्या रेट्यामुळे सरकारने रॉस्कॉफला खोल पाण्याचं बंदर मंजूर केलं. बंदर होत आलं तरी तिथून बोट चालवायला एकही जहाज कंपनी पुढे येईना. तेव्हा या भाजीवाल्या शेतकऱ्यांनी स्वतःच कंपनी काढली. जानेवारी १९७३ मध्ये, ब्रिटन युरोपीय समुदायात दाखल झाला त्याच महिन्यात, त्यांची पहिली बोट रॉस्कॉफहून प्लिमथला गेली. सुरुवात मालाची, पण लोकांनी प्रवासाची मागणी केली आणि प्रवासी बोटी आल्या. हीच आजची ब्रिटनी फेरीज. पुढे अडचणी आल्या तेव्हा प्रांताच्या लोकनियुक्त संस्थांनी भागीदारी करून जहाजं विकत घेतली आणि ती कंपनीला भाड्याने दिली. पैसा लोकांचा, म्हणून जबाबदारीही लोकांच्या नजरेखाली.

याचा फरक २०१० मध्ये दिसला. इंग्लंडच्या पोर्ट्समथहून स्पेनच्या बिल्बाओला जाणारी पी अँड ओ कंपनीची बोट त्या सप्टेंबरात बंद झाली. स्पेनच्या उत्तरेकडच्या डोंगरात जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांची ती लाडकी वाट होती. फ्रान्स उभा कापत जाण्याचे दोन दिवस वाचायचे. सहा महिन्यांत, मार्च २०११ मध्ये, ब्रिटनी फेरीजने तीच दोन बंदरं पुन्हा जोडली, जास्त वेगवान जहाजाने. आजही तिथे बोट आहे. समुद्र तोच, प्रवासी तेच. पहिल्या कंपनीला जे तोट्याचं वाटलं ते दुसरीने बसवून दाखवलं, कारण तिची बंदरं, तिची माणसं आणि तिचं भवितव्य त्याच पाण्याशी बांधलेलं होतं. एका कंपनीचा तोटा म्हणजे वाटेचाच अंत नव्हे, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. एस्बियर्गला मात्र असा दुसरा हात मिळाला नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. बेळगावला समुद्र नाही, पण बेळगावला बंदर होतं, आणि ते वेंगुर्लं. रेल्वे येण्याआधी इथल्या छावणीचा माल वेंगुर्ल्याला उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. आंबोलीचा रस्ता आपल्या ओळखीचा झाला तो या व्यापारामुळे. १८८० च्या दशकात रेल्वे आली, मुरगाव बंदर जोडलं गेलं आणि वेंगुर्ल्याचं महत्त्व ओसरलं. तरी मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं करत पणजीला जाणारी आगबोट पुढे कित्येक दशकं कोकणी माणसाची हक्काची वाट राहिली. पावसाळ्यात ती बंद असे. लहान बंदरांत ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसं पडावातून किनाऱ्याला येत. १७ जुलै १९४७ ला रेवसला जाणारी रामदास बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली, ते दुःख या किनाऱ्याने पचवलं आणि तरी बोटींवरचा विश्वास सोडला नाही.

ही बोटसेवा विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत संपली. खाड्यांमध्ये गाळ साचला, महामार्गावर पूल झाले, एसटी गावोगाव पोचली, ही कारणं सांगितली जातात आणि ती खरी आहेत. पण कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ मध्ये. बोट त्याआधीच गेली होती. म्हणजे पर्याय उभा राहण्याची वाटही पाहिली गेली नाही. जुनी बोट गेल्यावर १९९४ मध्ये मुंबई-गोवा वेगवान कॅटामरान आली आणि गेली. २०१८ मध्ये आंग्रिया ही पर्यटकांची बोट आली, ती कोरोनाच्या काळात थांबली. दर वेळी उद्घाटनाला गर्दी होती. बंद होताना किनाऱ्याला किंवा घाटमाथ्याला कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट चालते आहे. तिथे मोटारसायकल घेऊन थेट जहाजात शिरता येतं. २०२५ मध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गपर्यंत अशी बोट नेण्याची घोषणा झाली. मला या योजनेचं मनापासून स्वागत करायचं आहे. बेळगावहून मुंबई रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या घरात आहे, आणि महामार्गाच्या रुंदीकरणाच्या कामांमधून, ट्रकांच्या गर्दीतून दुचाकीने ते अंतर कापणं म्हणजे जिवावरचा खेळ आहे. आंबोली उतरून किनारा गाठावा, गाडी बोटीत बांधावी आणि मुंबईला उतरावं, हे शक्य झालं तर आमचे तरुण ते नक्की करतील. उद्या ही बोट वेंगुर्ल्यापर्यंत, पणजीपर्यंत, कारवारपर्यंत वाढली तर ती तीन राज्यांची होईल. आणि तीन राज्यांची झाली की कुणाचीच न राहण्याचा धोकाही तिथूनच सुरू होईल. म्हादईच्या पाण्यावर आणि सीमेवर जी सरकारं भांडत आली आहेत ती बोटीच्या तोट्यावर एकत्र बसतील, असं गृहीत धरून चालणार नाही.

म्हणून परवाना देतानाच तीन राज्यांनी बससारखा करार करावा. चालवणाऱ्याला सेवा थांबवायची असेल तर किमान एका वर्षाची पूर्वसूचना, प्रवासी सेवेचा हिशेब खुला, आणि दोन्ही टोकांना जाहीर सुनावणी. सुनावणी फक्त मुंबईत आणि पणजीत झाली तर चालणार नाही; बोटीचे प्रवासी जिथून येतात त्या बेळगावात आणि कोल्हापुरातही ती व्हावी. तोटा खराच असेल तर तो किती आणि कुणी वाटून घ्यायचा हे ठरावं. आणि सेवा सोडली गेलीच तर धक्का, रॅम्प, तिकीटघर दुसऱ्या चालवणाऱ्याला, त्यातही सहकारी संस्थेला, आधी मिळावं. बहुराज्य सहकारी संस्था कायदा २००२ पासून आहे. दोन राज्यांत सभासद असलेल्या पतसंस्था या कायद्याखाली आपल्याकडे चालतात. ऊस एका राज्यात आणि गाळप दुसऱ्या राज्यात, हे सीमाभागाला नवीन नाही. ब्रिटनीच्या फ्लॉवर पिकवणाऱ्यांना जे जमलं ते सहकारात तीन पिढ्या वाढलेल्या या पट्ट्याला जमणार नाही, असं मी मानत नाही.

मूठभर दुचाकीवाल्यांसाठी करदात्याने पैसे का मोजावेत, हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं की एसटीच्या आडगावच्या फेऱ्याही आपण नफ्यासाठी चालवत नाही. शिवाय बोटीवर एकटे दुचाकीवाले नसतात. आंबा असतो, मासळी असते, चाकरमानी असतो, दवाखान्याला निघालेला म्हातारा असतो. दुचाकी बोटीतली कमीत कमी जागा घेते आणि भाडं भरते. कायम तोट्यात जाणाऱ्या कंपनीला साखळीने बांधून ठेवा, असंही मी म्हणत नाही. मी मागतो आहे ती मुदत आणि हिशेब.

एक मागणी वेळापत्रकाची. दक्षिणेच्या बंदरात बोट दुपारच्या आत लागावी, म्हणजे घाटमाथ्यावर येणारा दुचाकीवाला आंबोलीत धुकं दाटण्याआधी, उजेडात वर चढेल. हे करारातच लिहिलेलं असावं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड आणि सावंतवाडीच्या आमदारांनी आपापल्या विधानसभांत एकाच वेळी हा विषय मांडावा. यासाठी सीमेचा वाद मिटण्याची वाट पाहण्याची गरज नाही.